मारहाणीच्या गुन्ह्यात जामीन मिळेल की नाही, हे कोर्ट कशावरून ठरवतं?

समजा, तुमच्या भावावर भांडणात काठीने मारल्याचा गुन्हा आहे, तर आधी एफआयआरमधलं कलम बघा. 1 जुलै 2024 पासून जुन्या आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता हा फौजदारी कायदा लागू आहे. तिच्या कलम 115(2) खाली साधी दुखापत जामीनपात्र आहे. तिथे जामीन हा हक्क असतो, कोर्टाची मेहेरबानी नव्हे. काठी, कोयता, सुरा असं काही घातक हत्यार म्हणून वापरल्याचा आरोप असेल तर कलम 118 लागतं आणि ते अजामीनपात्र. 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलं असेल तर बहुधा सेशन्स कोर्टातच (जिल्ह्याच्या वरच्या फौजदारी कोर्टात) जावं लागतं.

अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही, असं मात्र नाही; तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. घरचे लोक इथेच उगाच खचतात. न्यायाधीश सगळ्यात आधी जखमेचं मेडिकल सर्टिफिकेट बघतात. घाव डोक्यावर की पायावर, हाड मोडलंय का, जखमी अजून दवाखान्यात आहे का, यावर खूप काही ठरतं. मग हत्यार जप्त झालंय का, आधीचे गुन्हे आहेत का, पळून जाण्याची किंवा साक्षीदारांना धमकावण्याची भीती आहे का, हे येतं. आरोपी आणि फिर्यादी एकाच गल्लीतले असतील तर शेवटचा मुद्दा फार जड जातो. अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा गावात न येण्याची अट घालतं. म्हणून कळकळीने सांगतो, समोरच्याच्या घरी ‘समजवायला’ कुणीही जाऊ नका.