ट्रॅक सायकलिंगमधली महिलांची वैयक्तिक परस्यूट शर्यत आता ऑलिंपिकमध्ये का नसते?

१९९२ ते २००८ पर्यंत ती होती. बीजिंगनंतर ऑलिंपिकचा कार्यक्रम बदलला, पुरुषांचीही परस्यूट गेली आणि २०१२ला अनेक शर्यतींची मिळून होणारी ऑम्नियम आली. मला हा निर्णय आजही पटत नाही.

परस्यूटमध्ये दोघी सायकलपटू ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी सुटतात. वारा अडवायला पुढे कुणी नाही, डावपेचांना फारशी जागा नाही. मागची पुढचीला गाठते, नाहीतर घड्याळ निकाल देतं. शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली ब्रिटनची रेबेका रोमेरो तर आधी रोइंगमधली रौप्यविजेती!

जागतिक स्पर्धेत शर्यत आहेच. अंतर ३ किलोमीटर असायचं, २०२५पासून पुरुषांइतकंच ४ झालं. हे फार आधी व्हायला हवं होतं.