दोन फोनपैकी कोणता घ्यावा? वाचकांच्या पत्रांना उत्तरे

दसरा-दिवाळी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो: अमुक फोन घ्यावा की तमुक? पत्रात दोन्ही मॉडेलांची नावे असतात, किमती असतात, दुकानदाराने कबूल केलेली सवलतही असते. मात्र तो फोन दिवसभरात कोणत्या कामाला लागणार आहे, हे लिहायचे बहुतेकांकडून राहून जाते. ठरावीक किमतीत फोन बसवायचा म्हटल्यावर प्रत्येक कंपनीला कुठे ना कुठे हात आखडता घ्यावाच लागतो. कोणी कॅमेऱ्यावर खर्च करते आणि चार्जिंग मंद ठेवते, कोणी पडदा उत्तम देते आणि अपडेट दोन वर्षांत आटोपते. कंपनीने कुठे हात आखडला आहे आणि ती उणीव आपल्या कामाच्या आड येते की नाही, एवढे पाहिले की निवड बरीच सोपी होते. ज्या वाचकांनी आपले काम नीट कळवले आहे, त्यांचीच पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न: कोल्हापुरात गुजरीत आमचे दागिन्यांचे छोटे दुकान आहे. साज, ठुशी, चिंचपेटी यांचे फोटो गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवावे लागतात. एका फोनला २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि वेगळी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स आहे. त्याच किमतीच्या दुसऱ्या फोनला ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा आणि झूमची लेन्स आहे. मुलाचे मत पहिल्याच्या बाजूने आहे. सोन्याचा रंग फोटोत खरा यावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

उत्तर: तुमच्या कामासाठी दुसरा फोन घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मेगापिक्सेलच्या आकड्याने चिरंजीवांप्रमाणे पुष्कळ लोक भारावून जातात. प्रत्यक्षात २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा चार-चार पिक्सेल एकत्र करून तेवढाच फोटो देतो. त्यातून व्हॉट्सॲप तो फोटो आणखी दाबून लहान करते. बारकावे जसेच्या तसे पोहोचवायचे असतील, तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फोन कोणताही असला तरी ही सवय उपयोगी पडेल.

मध्यम किमतीच्या फोनांतील वेगळी मॅक्रो लेन्स पुष्कळदा अवघी दोन मेगापिक्सेलची असते आणि कॅमेऱ्यांची संख्या फुगवण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय साजाच्या पानडीपासून दोन-तीन बोटांवर फोन धरला की फोनचीच सावली दागिन्यावर पडते आणि पुढचे मणी मागच्या मण्यांपेक्षा फुगीर दिसू लागतात. झूमच्या लेन्सने हातभर अंतरावरून फोटो काढला तर प्रकाश मोकळा राहतो आणि दागिन्याचा आकार बिघडत नाही. यात एक मेख मात्र आहे. काही फोनांच्या झूमच्या लेन्सला जवळची वस्तू टिपताच येत नाही. अशा वेळी फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याकडे वळतो आणि त्याच चित्राचा मधला भाग मोठा करून दाखवतो. ही लबाडी ओळखणे सोपे आहे. दुकानात हातभर अंतरावरची एखादी वस्तू झूम करून पाहावी आणि झूमच्या लेन्सवर बोट ठेवावे. पडद्यावरचे चित्र अंधारले तर ती लेन्स खरोखर काम करीत आहे. चित्र तसेच राहिले तर त्या लेन्सचे पैसे तुमच्या दृष्टीने वाया गेले.

सोन्याच्या रंगाबाबत फोनपेक्षा पार्श्वभूमी अधिक गोंधळ घालते. काळ्या मखमलीवर ठेवलेला दागिना पाहून कॅमेऱ्याला वाटते की प्रकाश कमी आहे, तो उजेड वाढवतो आणि सोन्याच्या कडा पांढऱ्या पडतात. दागिना जवळून टिपला की सगळी चौकट पिवळी होते. मग दिवाच पिवळा असावा असे धरून फोन तो पिवळेपणा काढून टाकतो आणि बावीस कॅरेटचे सोने फिके दिसते. म्हणून दागिन्याखाली करडा किंवा मोतिया रंगाचा साधा कागद घ्यावा, दागिन्यावर बोट दाबून धरून फोकस स्थिर करावा आणि उजेड थोडा खाली ओढावा. ज्या फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे करायची रंगांची जुळणी, हाताने ठरवता येतो, त्याला झुकते माप द्यावे, कारण दुकानातले दिवे एकदा बसवले की तेच राहतात आणि ती जुळणी रोज कामी येते. आपल्या फोनचा पडदाही ‘नॅचरल’ रंगांवर ठेवावा. ‘व्हिव्हिड’वर सगळेच सोने सुंदर दिसते. दोन्ही फोन पारखण्यासाठी सोबत ठुशी न्यावी असे सुचवले असते, परंतु सोने घेऊन मोबाइलच्या गर्दीत शिरणे जिवावर येत असेल तर पितळेचे फुलपात्र न्या. पिवळ्या रंगाची परीक्षा त्यावरही होते.

प्रश्न: मी सेवानिवृत्त शिक्षिका असून राजारामपुरीत राहते. निवृत्तिवेतन, बँक, नातीशी व्हिडिओ कॉल आणि वाचन हाच माझा वापर आहे. पंचवीस हजारांच्या आत दोन फोन पाहिले. एक अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण चार्ज होतो. दुसऱ्याला दीड तास लागतो, पण त्याला सहा वर्षे अपडेट मिळतील, असे सांगितले जाते. वारंवार फोन बदलण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर: आपण दुसरा फोन घ्यावा. ज्यांचा फोन रात्रभर उशाशी असतो, त्यांना अर्ध्या तासाच्या चार्जिंगचे अप्रूप आठवडाभर वाटते. सुरक्षा अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करण्याची धास्ती मात्र पुढे वर्षानुवर्षे राहते, आणि बँकांची ॲप काही वर्षांनी जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात, हे वेगळेच. गूगलने २०२३ मधील पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मधील गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली आहे. सॅमसंगच्या ए मालिकेतील काही अलीकडच्या फोनांना सहा वर्षांची हमी आहे. ही वर्षे फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात, आपल्या बिलावरच्या तारखेपासून नव्हे. दिवाळीला स्वस्त झालेले गेल्या वर्षीचे मॉडेल घेतले, तर हमीतले एक वर्ष आधीच सरलेले असते. दुकानदाराला मॉडेल केव्हा बाजारात आले ते विचारून वजाबाकी करावी. तसेच ‘अँड्रॉइडची नवी आवृत्ती’ आणि ‘सुरक्षा अपडेट’ यांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. आपल्याला दुसरा आकडा महत्त्वाचा आहे.

सहा वर्षे फोन वापरायचा तर मध्ये एकदा बॅटरी बदलावी लागेल, हे गृहीत धरावे. त्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र कोल्हापुरात आहे की फोन बाहेरगावी पाठवतात, आणि बॅटरीचा खर्च किती येतो, याची चौकशी खरेदीपूर्वीच करून ठेवावी. आपण वाचनाचा उल्लेख केला आहे, म्हणून एक सूचना. रात्री मंद उजेडात ओलेड पडदा (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) पाहताना काहींचे डोळे चुरचुरतात किंवा डोके जड होते, कारण बरेच ओलेड पडदे उजेड कमी करण्यासाठी अतिशय वेगाने चालू-बंद होत असतात. दुकानात पडद्याचा उजेड अगदी कमी करून पाच-दहा मिनिटे सलग वाचून पाहावे. त्रास जाणवला तर एलसीडी पडद्याचा फोन शोधावा, मग तो दिसायला थोडा डावा असला तरी चालेल.

प्रश्न: गगनबावड्याकडे आमची शेती आहे. पावसाळ्यात फोन भिजतो, उन्हात पडदा दिसत नाही आणि रेंजची बोंब आहे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, फोनवरूनच करावी लागते. एक फोन ‘फाइव्ह जी’ आणि वेगवान प्रोसेसरचा आहे, दुसरा मोठ्या बॅटरीचा आणि आयपी ६८ चा आहे. कोणता घ्यावा?

उत्तर: तुमच्या भागातल्या पावसाचा विचार करता दुसराच. आयपीनंतरच्या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. दुसरा आकडा ४ असेल तर फोन केवळ शिंतोड्यांना पुरतो. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. ८ असेल तर कंपनीने नमूद केलेल्या, त्याहून कठीण कसोटीला उतरतो. या चाचण्या नव्या फोनवर आणि स्वच्छ पाण्यात होतात. फोन दोन-चारदा आपटला की आतली रबरी सीलबंदी सैल होते, आणि पाणी शिरून झालेले नुकसान आयपी ६८ असूनही सहसा वॉरंटीत बसत नाही. तेव्हा फोन पावसातून वाचावा एवढ्यासाठी हे प्रमाणांकन आहे, ओढ्यात धुण्यासाठी नाही. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय आपल्याकडे घरोघरी सांगितला जातो, परंतु ॲपलनेच तसे करू नका असे सांगितले आहे, कारण तांदळाचे बारीक कण फोनमध्ये शिरू शकतात. चार्जिंगचे छिद्र खाली करून फोन हलकेच झटकावा आणि वाऱ्याला ठेवावा.

रेंज कमी असली की टॉवर गाठण्यासाठी फोन अधिक शक्ती लावतो आणि बॅटरी भराभर उतरते. मोठ्या बॅटरीचा खरा उपयोग तुमच्यासारख्यांनाच आहे. ‘फाइव्ह जी’चा मोह धरू नये. बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी एन ७८ ही लहरींची पट्टी ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढची असून डोंगर आणि झाडी ओलांडताना ती लवकर क्षीण होते. दूरवर पोहोचणारी ७०० मेगाहर्ट्झची पट्टी, म्हणजे एन २८, २०२२ च्या लिलावात जिओने घेतली. तुमच्या वाडीत तिची सेवा पोहोचली असेल, तर फोनच्या माहितीपत्रकात एन २८ आहे का ते पाहावे. बाकी कोणत्या कंपनीचे सिम चालते, हे शेजारच्या घरात विचारण्याइतका खात्रीचा मार्ग नाही.

उन्हात दिसण्याबाबत जाहिरातीतला ‘पीक ब्राइटनेस’ फसवा असतो, कारण तो पडद्याच्या लहानशा भागापुरता आणि विशिष्ट व्हिडिओपुरताच मिळतो. ‘हाय ब्राइटनेस मोड’चा, म्हणजे उन्हात पूर्ण पडद्याला मिळणाऱ्या उजेडाचा, आकडा विचारावा, किंवा सरळ फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात उभे राहावे. पीक पाहणीसाठी आपल्या जमिनीच्या गटात उभे राहून जो फोटो काढावा लागतो, त्यात तुमचे ठिकाण अचूक नोंदले जाणे महत्त्वाचे आहे; त्यामुळे ज्या फोनचे जीपीएस दोन फ्रिक्वेन्सींवर, म्हणजे एल १ आणि एल ५ वर चालते, तो अधिक बरा. दुकानदाराला बहुधा हे सांगता येणार नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर ते लिहिलेले असते.

प्रश्न: मी शिवाजी विद्यापीठात शिकतो. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यांचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकण्याची आवड आहे. तेवढ्याच पैशांत एक जुना आयफोन मिळतो आहे आणि एक नवा अँड्रॉइड. काय करावे?

उत्तर: व्हिडिओसाठी आयफोनकडे ओढा असणे समजू शकते, आणि धावत्या खेळाडूंचे चित्रण त्यावर खरोखर स्थिर येते. पण जुना आयफोन म्हणजे कोणत्या सालचा, यावर सगळे अवलंबून आहे. २०२५ मध्ये आलेले आयओएस २६ हे २०१९ च्या आयफोन ११ पर्यंत मिळाले आणि २०१८ चे एक्सएस व एक्सआर त्यातून वगळले गेले. त्या बेताने पुढची वर्षे मोजावीत. मेमरी कार्ड घालता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. आयफोनच्या नेहमीच्या, जागा वाचवणाऱ्या (‘हाय एफिशियन्सी’) स्वरूपात, सेकंदाला ३० चित्रे धरून, एका मिनिटाचा फोर-के व्हिडिओ सुमारे १७० एमबी जागा घेतो, म्हणजे तासाभराच्या चित्रणाला दहा जीबी लागतात. ६४ जीबीचा फोन दोन-तीन सामन्यांत भरेल.

विक्रेत्याने फोन स्वतःच्या ॲपल खात्यातून तुमच्यासमोर काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अन्यथा ॲक्टिव्हेशन लॉकमुळे, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याशी जोडलेल्या कुलपामुळे, हातात केवळ काचेचा तुकडा राहतो. सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ पाहावी. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या पूर्ण चार्जिंगच्या ५०० आवर्तनांनंतर आणि आयफोन १५ पासूनच्या १००० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतात. आयफोन १२ पासून पुढे पडदा, बॅटरी आणि कॅमेरा बदलला आहे का, हे ‘अबाउट’मध्ये दिसते. शेवटी केवायएम (KYM), मोकळी जागा आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा; फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर उत्तरात कळते. यांपैकी एका गोष्टीलाही विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर नवा अँड्रॉइड घ्यावा आणि त्यात फोर-के चित्रण मुख्य कॅमेऱ्यावर स्थिर राहते का, एवढे चालत-चालत तपासावे.

प्रश्न: ऑनलाइन हजार-दीड हजार रुपये वाचतात. तरी दुकानातून घ्यावा का?

उत्तर: फरक तेवढाच असेल, तर फोन हातात घेऊन पाहण्याची आणि काही बिघडल्यास समोर जाऊन बोलण्याची सोय मला अधिक मोलाची वाटते, फरक मोठा असेल तर ऑनलाइन घेण्यात काही गैर नाही, मात्र खोके उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा. कुठूनही घेतला तरी जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावरचा आयएमईआय क्रमांक, खोक्यावरचा क्रमांक आणि *#०६# दाबल्यावर पडद्यावर येणारा क्रमांक एकच आहे, याची खात्री करावी. तक्रारीची कोणी दाद घेत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथेही पहिल्यांदा बिलच विचारतात.