तेव्हा थर्मामीटर नव्हते, मग हजारो वर्षांपूर्वीच्या हवामानावरून आजची हवामान-मॉडेलं कशी तपासतात?

तुम्ही विचारलंय की २१०० सालचं भाकीत करणारं मॉडेल खरं की खोटं हे २१०० उजाडायच्या आधी कसं कळणार, आणि त्यासाठी २१ हजार वर्षांपूर्वीचा दाखला देतात तर तेव्हा तापमान मोजलं कोणी? "पुरावाच अंदाजपंचे, आणि त्यावर अंदाजाची परीक्षा" हे तुमचं वाक्य खोचक आहे, पण बिनबुडाचं नाही.

आधी मोजलं कोणी ते सांगते, कारण ते काम मी स्वतः केलंय. गोव्यात असताना दोन वर्षं मी समुद्रतळाचा गाळ धुतला. तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या सेंटीमीटर-सेंटीमीटरच्या चकत्या करायच्या आणि एकेक चकती ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याखाली धरायची. चिखल वाहून जातो आणि वर रव्यासारखं काहीतरी उरतं. मायक्रोस्कोपखाली घेतलं की कळतं, हा रवा म्हणजे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची कवचं आहेत. काळ्या ट्रेवर ती पसरायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकाच जातीची कवचं वेचायची. आमच्याकडे बहुतेकदा ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर, कारण ती वरच्या, उन्हाच्या पाण्यात राहते. एकदा दुपारी कोणीतरी सवयीने पंखा लावला आणि माझी सकाळपासूनची वेचणी भिंतीला जाऊन लागली. असो.

हे कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. ते बांधताना जीव थोडं मॅग्नेशियमही आत घेतो, आणि पाणी जितकं उबदार तितकं जास्त घेतो, एका अंशाला साधारण ९ टक्के. हे प्रमाण जिवंत फोरॅम ठराविक तापमानाच्या पाण्यात वाढवून काढलंय, म्हणजे अंदाजपंचे नाही. पण निर्भेळही नाही. पाण्याचा खारटपणा लुडबुड करतो, खोल तळाशी कवच थोडं विरघळतं आणि त्यातलं मॅग्नेशियम आधी निघून जातं. म्हणून एकट्या मॅग्नेशियमवर कोणी विसंबत नाही. शैवालाचे मेणासारखे रेणू, बर्फातले हवेचे बुडबुडे, तळ्यातले परागकण, गुहेतले चुनखडीचे थर, अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांना एकत्र बसवतात.

आता मॉडेल. ते पृथ्वीचे शंभरेक किलोमीटरचे चौकोन पाडून एकेका चौकोनाचं गणित करतं. ढग, त्यातले बर्फाचे कण, वळवाची सर या गोष्टी त्या चौकोनापेक्षा कितीतरी लहान असतात. त्यांच्यासाठी ठोकताळे घालावे लागतात, आणि ते आजच्या नोंदींकडे बघूनच बसवलेले असतात. शिवाय विसाव्या शतकात कार्बन डायऑक्साइडने जग तापवलं आणि धुराने थोडं थंडही ठेवलं. दोन्ही परिणाम जरा जास्त धरले तरी गोळाबेरीज जुळतेच! त्यामुळे मॉडेलने १९०० ते २००० ची तापमानवाढ बरोबर काढली याचं मला फारसं कौतुक नाही. 'अपेक्षित' पाठ करून दहावीला बसलेला मुलगा आणि हे मॉडेल सारखंच.

शेवटच्या हिमयुगाचा कडाका, २१ हजार वर्षांपूर्वीचा, त्या अपेक्षितमध्ये नाही. कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १९० भाग) आसपास, आज तो ४२० च्या वर आहे. कॅनडावर किलोमीटरच्या किलोमीटर जाड बर्फ, समुद्र १२० मीटरहून खाली. मुंबईचा किनारा तेव्हा शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला होता. हे सगळं मॉडेलला द्यायचं, चालवायचं, आणि येणारं तापमान कवचांच्या तापमानाशी ताडायचं.

यात कोण नापास होतं याचं माझं आवडतं उदाहरण सीईएसएम२ हे आहे. अमेरिकेतल्या बोल्डरच्या एनसीएआर या संस्थेचं हे नावाजलेलं मॉडेल २०१८ मध्ये आलं. विसावं शतक त्याने नीट काढलं. पण कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर शेवटी जग किती तापेल, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं ५.३ अंश. आधीच्या आवृत्तीचं ४ च्या आसपास होतं. जियांग झू आणि सहकाऱ्यांनी त्याला हिमयुगात पाठवलं, तर औद्योगिक काळाआधीच्या जगापेक्षा ११ अंशांहून जास्त गारठा आला. जेसिका टिअर्नी यांच्या गटाने २०२० मध्ये समुद्रातल्या ढीगभर पुराव्यांवरून काढलेला गारठा ६.१ अंश होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार इओसीन काळात पाठवलं, तर उष्ण कटिबंधातल्या जमिनीवर ५५ अंशांहून जास्त! त्या तापमानात पानाचं प्रकाशसंश्लेषण चालत नाही, आणि त्या काळच्या वर्षावनांचे जीवाश्म तर समोर आहेत. लांब कशाला, गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइट खाणीत त्याच सुमाराचा अंबर सापडलाय, किड्यामुंग्यांसकट. तो ज्या झाडांच्या राळेचा बनला ती वर्षावनातली झाडं होती, आणि भारत तेव्हा विषुववृत्ताच्या आसपास होता.

चूक सापडली ती ढगांत. बर्फकणांच्या संख्येवर घातलेली एक मर्यादा चुकीच्या जागी होती. ती काढली, ढगांचं गणित जास्त लहान टप्प्यांनी केलं, आणि ५.३ चा आकडा ४ च्या जवळ आला. नव्या रूपात हिमयुगही पुराव्याच्या बरंच जवळ आलं. (आता या मॉडेलसाठी हिमयुगसुद्धा 'अपेक्षित'मध्ये गेलं, हे मात्र खरं. यापुढे त्याची परीक्षा दुसऱ्या काळावर घ्यावी लागेल.)

पण दर वेळी मॉडेलच चुकतं असं नाही. १९७० च्या दशकात क्लायमॅप नावाच्या मोठ्या प्रकल्पाने फोरॅमच्या जातींच्या सरमिसळीवरून (कुठल्या जातीला किती गार पाणी आवडतं हे धरून) हिमयुगातल्या समुद्राचा नकाशा काढला. त्यात उष्ण कटिबंधातले समुद्र जेमतेम एक-दोन अंशांनी थंड, काही ठिकाणी तर आजच्यापेक्षा उबदार दिसले. तिकडे न्यू गिनी, हवाई, अँडीज इथल्या डोंगरांवरची हिमरेषा (जिच्या वर बर्फ वर्षभर टिकतो) मात्र हजारेक मीटर खाली आली होती, म्हणजे पाच-सहा अंशांचा गारठा. १९८५ मध्ये रिंड आणि पीटीट यांनी क्लायमॅपचा समुद्र मॉडेलमध्ये घातला. हिमरेषा काही केल्या तेवढी खाली येईना. समुद्र आणखी २ अंश थंड केला तेव्हा कुठे गणित बसायला लागलं. म्हणजे मॉडेल म्हणत होतं की तुमचे दोन साक्षीदार एकाच वेळी खरं बोलत नाहीत.

पुढे १९९४ मध्ये बार्बाडोसच्या प्रवाळांनी आणि १९९५ मध्ये ब्राझीलच्या भूजलाने पाच अंशांची साक्ष दिली. भूजलाची युक्ती मला फार आवडते. थंड सोड्यात वायू जास्त टिकतो ना, तसंच पावसाचं पाणी मुरताना जितकं गार तितके त्यात निऑन, क्रिप्टॉनसारखे वायू जास्त विरघळतात, आणि ते कशाशी संयोग पावत नसल्यामुळे हजारो वर्षं तसेच राहतात. इथे जीवही नाही आणि त्याच्या आवडीनिवडीही नाहीत.

या सगळ्याचा हिशोब आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालात दिसतो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरच्या तापमानवाढीचा अंदाज वर्षानुवर्षं १.५ ते ४.५ अंश असा ऐसपैस होता. तो २.५ ते ४ वर आला, आणि त्यामागच्या पुराव्यांत प्राचीन हवामान हा एक ठळक धागा होता.

तुम्ही शेवटी विचारलंय की आपल्या पावसाबद्दल मॉडेलं सांगतात तेही असंच तपासलेलं आहे का. तपासलंय, आणि तिथे निकाल इतका चांगला नाही. ६ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीच्या कक्षेमुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्याचं ऊन आजच्यापेक्षा सुमारे ५ टक्के जास्त होतं. मोसमी पाऊस वाढला, सहारात गवत आणि तळी होती, चाड सरोवर समुद्राएवढं पसरलं होतं. राजस्थानातल्या लुणकरणसरसारख्या तळ्यांच्या गाळातही त्या काळच्या पाण्याच्या खुणा आहेत. मॉडेलं पाऊस वाढवतात, दिशा बरोबर असते, पण सहारात तो पुरेसा उत्तरेला नेत नाहीत. १९९० च्या दशकापासून ही तुलना चालू आहे आणि अजून पूर्ण जमलेली नाही. झाडोरा आणि धूळ नीट धरली की थोडं सुधारतं. त्यामुळे मॉडेल जगाच्या सरासरी तापमानाबद्दल बोलत असेल तर मी कान देऊन ऐकते. २०७० मध्ये तुमच्या तालुक्यात किती मिलिमीटर पडेल हे छातीठोक सांगणारा रंगीत नकाशा कोणी पुढे केला, तर मी आधी विचारते की या मॉडेलने सहारात पाऊस कुठवर नेला होता.