मांद्र्याच्या तीन खोल्या आणि क्लिकचा हिशेब

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. साइटवर अ‍ॅडसेन्स लावू का, म्हणजे गूगलमार्फत दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवून पैसे मिळवू का, आणि गोव्यातल्या मांद्र्याच्या खोल्यांसाठी गूगलवर पैसे भरून जाहिरात करू का, असे दोन प्रश्न तू विचारलेस. मला तो एकच प्रश्न वाटतो.

परवा रात्री तुझा तांबडी सुर्ल्याच्या महादेवावरचा लेख मोबाइलवर उघडला. छान जमलाय. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचा भाग तर मी मामीला वाचून दाखवला. वाचताना मनात आलं, याच्या मधोमध जाहिरात लावली तर ती कुणाची येईल? ही जागा लिलावात जाते, आणि गोव्याला यायच्या विचारात असलेल्या माणसासाठी सगळ्यांत चढी बोली लावतं कोण? बुकिंगची मोठी पोर्टलं. म्हणजे तुझं लिखाण वाचायला आलेला माणूस तू चिल्लर घेऊन त्यांच्या दारात नेऊन सोडणार, आणि तसाच माणूस आपल्या दारात यावा म्हणून गूगलला क्लिकमागे वीस रुपये मोजणार. परसातले नारळ स्वस्तात विकायचे आणि हुमणाला नारळ हवा म्हणून बाजार गाठायचा, त्यातली गत.

चिल्लर म्हणतो ते उगाच नाही. जाहिरातदार जे देतो त्यातले साधारण 68 टक्के साइटवाल्याला मिळतात. वाटा वाईट नाही, पण मुळात बोलीच बारीक असेल तर 68 टक्के घेऊन करणार काय? शिवाय तू ‘क्लिकचे पैसे’ म्हणतोस, ते आता तसं राहिलेलं नाही. 2024 च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स मुख्यतः जाहिरात किती वेळा दिसली त्यावर पैसे देतं. खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता पडताळायला पिनचं पत्र पोस्टाने येतं. ते पोस्टमनने आणून दिलं की घरात पेढे वाटावेसे वाटतात, पण 100 डॉलर होईपर्यंत बँकेत दमडी येत नाही. तुझ्या वाचकसंख्येवर तिथवर पोचायला दोन-तीन पावसाळे जातील. आणि घरच्या ग्रुपवर ‘जरा क्लिक करा रे’ असं चुकूनही टाकू नकोस. खातं बंद होतं आणि जमलेलंही जातं.

तेव्हा ती जागा विकू नकोस. तिथे स्वतःच्या खोलीचा एक फोटो, एक दर आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण टाक. खूप मोठी साइट असेल, रोज हजारो लोक येत असतील आणि विकायला स्वतःचं काहीच नसेल, तर अ‍ॅडसेन्स लावणं शहाणपणाचं. तुझं तसं नाही.

आता गूगलवर जाहिरात विकत घेण्याचं. देवळातली पावणी, म्हणजे लिलाव, तू पाहिली आहेस. तिथे ज्याची बोली मोठी त्याला केळ्यांचा घड. गूगल मात्र बोलीबरोबर तुझी केळी कशी आहेत तेही बघतो. जाहिरातीवर लोक टिचकी मारतील का, त्यांनी शोधलं त्याच्याशी ती जुळते का, पुढे उघडणारं पान बरं आहे का, हे सगळं जमेस धरून तो क्रम लावतो. त्यामुळे पान नीट असलेला लहान माणूसही कमी पैशांत वर येऊ शकतो. आपल्यासारख्यांना इथे वाव आहे तो एवढ्यासाठीच.

माझी पहिली जाहिरात मात्र माझ्याच अनाडीपणामुळे वाया गेली. ‘गोवा रूम’ असे दोन शब्द ढोबळ जुळणीवर, म्हणजे त्यांच्याशी दुरून संबंध असलेल्या शोधालाही जाहिरात दिसेल असे, टाकले आणि झोपलो. आठवड्याने सर्च टर्मचा रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय शोधलं त्याची यादी, उघडला, तर पणजीत महिन्याच्या भाड्याने खोली शोधणारे, कॉलेजच्या पोरांसाठी पीजी शोधणारे, एक तर रूम कूलरवाला! सगळ्यांचे पैसे मी भरलेले. त्या दिवसापासून नको असलेल्या शब्दांची यादी आधी करतो आणि हवे असलेल्यांची नंतर. तूही तसंच कर: भाडं, पीजी, नोकरी, लॉटरी, हवामान हे सगळं बाद. आणि जाहिरात कुठल्या गावच्या लोकांना दाखवायची ते ठिकाण निवडताना गूगलने आधीपासून केलेली निवड तशीच सोडू नकोस. तिच्यात त्या ठिकाणी असलेल्यांबरोबर त्या ठिकाणात रस दाखवणारेही धरलेले असतात. पुणे, कोल्हापूर, बेळगाव निवडलंस तर माणूस खरोखर तिथे असलेलाच घे.

आता कागद-पेन घे. धर, खोली 2,500 रुपये. नाश्ता, चादरी, वीज, साफसफाई जाऊन हातात 1,200. पाहुणा दोन रात्री राहिला तर 2,400. क्लिक 20 रुपयांना पडला, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23 रुपये 60 पैसे. शंभर क्लिकचे 2,360. शंभरांतून एकच पाहुणा आला तर तुझ्याकडे उरले 40 रुपये. दोन आले तर माणशी खर्च 1,180. आता पोर्टलचं कमिशन मांड. 5,000 च्या बुकिंगवर पंधरा-वीस टक्के म्हणजे 750 ते 1,000. म्हणजे शंभरात दोन पाहुणे मिळूनही पोर्टलच स्वस्त! तीन आले तरच जाहिरात परवडायला लागते. किंवा त्यातला एखादा पुढच्या वर्षी थेट तुलाच फोन करणारा असेल तर, कारण तो फुकट येतो.

शंभरात तीन ‘गोवा हॉटेल’वर कधी मिळणार नाहीत. ‘मांद्रे होमस्टे’, ‘मोरजीजवळ घरगुती जेवणासह खोली’ असलं नेमकं शोधणारे थोडे असतात, पण ते येतात. आणि तुझ्या घराच्या नावावर स्वतः बोली लाव. नाव शोधणाऱ्या माणसाला पोर्टलं मध्येच गाठतात, आणि हा क्लिक बहुधा सगळ्यांत स्वस्त मिळतो.

डिसेंबरात हात आखडता घे. तेव्हा बोल्या चढतात आणि खोल्या तशाही भरतात. पैसे जून-जुलैसाठी ठेव, चोर्ला घाटातून शनिवारी धबधबे बघत उतरणाऱ्यांसाठी. रोजचं बजेट 200 लिहिलंस आणि एखाद्या दिवशी 400 गेले तर घाबरून फोन करू नकोस. गूगल एका दिवशी दुपटीपर्यंत खर्च करतो, महिन्याचा आकडा मात्र रोजच्या बजेटच्या 30.4 पटीपुढे जाऊ देत नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. परवा दुपारी दोन वाजता मी तुला तीनदा फोन केला, उचलला नाहीस. झोपला होतास म्हणे. जाहिरात बघून फोन करणाऱ्या पाहुण्याचंही असंच होईल. तेव्हा जाहिरात दुपारी बंद ठेव, नाहीतर फोन आईकडे दे.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. नको असलेल्या शब्दांची यादी बसून करू. येताना मावशीच्या हातची कुळागरातली सुपारी आण, मागची संपली.

तुझा
मामा