कुरडयांच्या राखणीत कथा

प्रश्न : मी शाळेत शिकवते. सुट्टीत कथा लिहीन म्हणते, पण नणंदेची मुलं, कुरडया, आमरस यांतच मे सरतो. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दुपारचा नाद सोडा, पंख्याखाली पेंगच येते. कुरडयांचा चीक शिजवायला पहाटे उठताच ना? सोऱ्याने कुरडया घालून झाल्या की राखणीच्या निमित्ताने गच्चीवरच वही घेऊन बसा. कावळे हाकलायला मुलं आहेतच. (मोबाइल मात्र खाली ठेवा, मेहरबानी करा.) रोज पानभर पुरे. बरेच दिवाळी अंक साहित्य जुलै-ऑगस्टमध्ये मागवतात. मे महिन्यात कच्चा खर्डा झाला, तर शाळा उघडल्यावर नुसती काटछाट उरते. आणि आमरस एखाद्या दिवशी नणंदबाईंना करू द्या की!