रॉकेल नको आणि भिजवलेल्या ढलप्याही नकोत

प्रश्न : थर्टी फर्स्टला गच्चीवर झाकणवाल्या ग्रिलवर चिकनच्या तंगड्या केल्या. बाहेरून कोळसा, आतून कच्च्या, वर रॉकेलचा वास, शेवटी रात्री बाराला अंडाबुर्जी केली. आता मुलगा म्हणतो लाकडाचा धूर देऊन करूया. व्हिडिओत सगळे हिकरी हिकरी करतात, ते इथे कुठून आणू? आणि ढलप्या रात्रभर भिजवायच्या असतात ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अंडाबुर्जीबद्दल वाईट वाटलं, पण चूक घाईची आहे हो. रॉकेल बंद करा, खाली-वर उघडं लोखंडी नळकांडं घ्या, त्यात कोळसा भरा, बुडाशी तेलात बुडवलेले कागदाचे बोळे पेटवा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावरसुद्धा पांढरी राख धरते, तोवर मसाला लावलेली परात फ्रिजमध्येच राहू द्या, पाहुणे कितीही डोकावले तरी.

मग निखारे अख्ख्या ग्रिलभर पसरायचे नाहीत, सगळे एका बाजूला. तंगड्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे खाली धग नाही, आणि झाकण बंद, आता तो छोटा ओव्हनच झाला. तुमच्या तंगड्या जळाल्या त्या थेट निखाऱ्यावर ठेवल्यामुळे, दही-मसाला तिथे दोन मिनिटांत काळा पडतो आणि हाडापर्यंत आंच पोचायला तर पाऊण-एक तास लागतो. आतली उष्णता १५० अंशांच्या आसपास ठेवा. झाकणाची भोकं पूर्ण उघडी, आंच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकांनी. शेवटी दोन मिनिटं निखाऱ्यावर फिरवून कातडी कुरकुरीत करा.

लाकूड. हिकरी अमेरिकेतलं झाड, तिकडे अंगणात पडलेलं असतं म्हणून वापरतात. आपल्याकडे आंबा आणि पेरू झकास, फक्त नीट वाळलेला हवा, सहा महिने तरी. आंब्याचं लाकूड म्हटलं, आंब्याच्या पेटीच्या फळ्या नव्हे! प्लायवूड, रंग दिलेलं फर्निचर, चीड-देवदार यातलं काहीही नको, डिंक आणि केमिकल जळून सगळं जेवणात उतरतं. मुठीएवढे तीन-चार तुकडे निखाऱ्यावर पुरे, लाकूड इथे सरपण नाही, मसाला आहे असं समजा.

भिजवायची भानगड सोडा. पाणी आधी वाफ होऊन उडतं, तोवर लाकूड नीट जळतच नाही आणि आग मात्र थंड होते. पांढरा दाट धूर निघाला की लोक खूश होतात, पण त्याने चिकन कडू होतं, धूर पातळ, जेमतेम निळसर दिसला पाहिजे. तंगड्या फ्रिजमधून काढून लगेच ठेवा, गार आणि ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला धरतो.

प्रश्न : आम्ही धुरावर चिकन केलं, कापलं तर कडेने गुलाबी. सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं. कच्चं होतं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कडेलाच गुलाबी असेल तर तो धुरातल्या वायूंचा मांसाच्या रंगावर झालेला परिणाम असतो. पण रंगावर जाऊ नका, टोचायचा थर्मामीटर घ्या, हाडाला न टेकवता जाड भागात ७४ अंश दिसले की झालं, तंगडी मात्र ८० च्या वर जास्त मऊ लागते. सासूबाईंना थर्मामीटरच दाखवा.

आणि दोघांनाही, थंडी वाजते म्हणून धुमसती शेगडी खोलीत आणू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.