पालकांचे प्रश्न : नियम मोडला की काय करायचं?

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. टॅब बंद कर म्हटलं की आदळआपट, रडारड. मी ठाम राहते, पण दहा मिनिटांत त्याचे बाबा 'असू दे, घे' म्हणतात. मी फार कडक आहे का?

उत्तर : कडकपणाचं नंतर बघू, आधी ती दहा मिनिटं बघू. रडलं की कधी टॅब मिळतो, कधी मिळत नाही. अधूनमधून फळणारा हट्ट दर वेळी फळणाऱ्या हट्टापेक्षा चिवट असतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हे तत्त्व प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, आणि मुलांनाही ते लागू पडतं. शिवाय टॅब दिला की मूल गप्प होतं आणि बाबांना हायसं वाटतं. म्हणजे फायदा दोघांचाही झाला. पुढच्या वेळी दोघंही तेच करणार.

नियम ठरवायचा तो टॅब हातात नसताना, सगळे शांत असताना. 'थोडा वेळ' असं सांगू नका. 'अर्धा तास' किंवा 'एक भाग' सांगा. भाग मध्येच तोडला तर मोठी माणसंही वैतागतात, त्यामुळे शक्यतो भाग संपण्याशी वेळ जुळवा. गजर त्यालाच लावू द्या. पाच मिनिटं उरली की दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा आणि सांगा. वेळ झाली की एवढंच बोला : "अजून बघायचं होतं ना, राग आलाय, कळतंय मला. आजचा टॅब संपला." मग टॅब उचलायचा. डोळ्यांना त्रास होतो वगैरे आत्ता नको. त्या क्षणी दिलेलं प्रत्येक कारण त्याला हुज्जत घालायला नवा मुद्दा पुरवतं. रडताना त्याला कुशीत घ्यायला अजिबात हरकत नाही. टॅब तेवढा द्यायचा नाही.

सुरुवातीचे काही दिवस रडणं वाढेल. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. 'उपाय लागू पडत नाही' म्हणून सोडून दिलं, तर याहून जोरात रडायला हवं एवढंच मूल शिकतं. म्हणून बाबांना झेपणार नाही असा नियम करूच नका. पाऊण तास ठरला तरी चालेल, फक्त तो दोघांनी पाळलेला असावा. नियम मोडला तर दुसऱ्या दिवशीची दहा मिनिटं कमी करा. 'आठवडाभर बंद' ही शिक्षा सहसा तिसऱ्या दिवशी आईवडीलच मोडतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या वागण्याचे प्रकार मांडले. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या संशोधकांनी त्यात माया आणि अपेक्षा या दोन स्वतंत्र बाजू धरल्या. एक वाढली म्हणून दुसरी घटत नाही. त्यामुळे आई कडक, बाबा प्रेमळ ही वाटणी काही कामाची नाही. दोघांनाही दोन्ही करावं लागतं.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची आहे. दार लावून बसते, विचारलं की 'काही नाही'. तिचा फोन गुपचूप तपासावा का?

उत्तर : नको. स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी स्वीडनमध्ये चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांविषयी पालकांना जे ठाऊक असतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, पाळतीतून फार थोडं कळतं, असं त्यात दिसलं. गुपचूप फोन बघताना पकडले गेलात तर तेही सांगणं बंद होईल.

ती एखादी अडचणीची गोष्ट बोलली तर पहिली दोन मिनिटं उपदेश नाही, शिक्षा नाही. "मग तू काय केलंस?" एवढं विचारा आणि थांबा. समोरासमोर बसवून चौकशी करण्यापेक्षा कपडे घडी करताना, बरोबर चालताना मुलं जास्त बोलतात.

केस, कपडे, गाणी, खोलीतला पसारा हे तिच्यावर सोडा. कुठे, कोणाबरोबर, परत किती वाजता, यात सूट नाही. रात्री फोन खोलीबाहेर, हाही पक्का नियम. या वयात ८ ते १० तास झोप लागते. मात्र वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, तेव्हा नऊ वाजता झोप म्हणून मागे लागण्यात अर्थ नाही. परतायची वेळ वाढवून हवी असेल तर दोन आठवडे वाढवून बघा. पाळली तर कायम, नाही तर पहिलीच. आणि नियम ठरवताना तिचं म्हणणं खरंच ऐका, निकाल आधीच लावून बसू नका.

जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, कुणा अनोळखी मोठ्या माणसाने फोटो मागणं किंवा एकटीला भेटायला बोलावणं, असं काही कानावर आलं तर मात्र थांबायचं नाही. तिला सांगून, तिच्यासमोर फोन बघा आणि त्याच दिवशी डॉक्टर, समुपदेशक किंवा पोलीस, गरज असेल त्यांची मदत घ्या.

प्रश्न : मी मारत नाही, ओरडतही नाही. फक्त अबोला धरते. हे बरं ना?

उत्तर : नाही. अबोल्यात मुलाला चूक कळत नाही, आई दुरावली एवढंच कळतं. आणि तो कधी संपणार हेही ठाऊक नसतं. राग आला असेल तर सांगा : "मी आत्ता चिडले आहे, अर्ध्या तासाने बोलू." आणि अर्ध्या तासाने तुम्हीच जाऊन बोला, मूल येण्याची वाट बघू नका.